शून्य ओहमचा ट्रान्झिस्टर

सोमशेखरअण्णांना मी फोनवर ठणकावून सांगितलं, "अण्णा, माझ्या बोर्डाला गार ठेवायला ॲल्युमिनियमची पट्टी लागणार नाही. ट्रान्झिस्टर तापतच नाही. कॉम्प्युटरवर तपासलंय."

अण्णांचा उद्यमनगरात फवारणीचे बॅटरीपंप बनवायचा कारखाना. मोटरचा वेग कमीजास्त करणारं बोर्ड त्यांना हवं होतं. ते पास झालं की मला घरबसल्या कायमचं काम! नोकरी सुटून वर्ष होत आलेलं, आणि माझी इंजिनिअरिंगची पदवी घरचा मिक्सर खोलण्यापुरती उरलेली.

माझी सौंदर्या नऊ महिन्यांची. दुपारी चाळीस मिनिटं झोपते, तेही माझी ओढणी मुठीत धरून. ती मूठ सोडवायचा धीर मला होत नाही. म्हणून उरलेल्या एका हाताने मी लॅपटॉपवर सर्किट चालवलं. मोटर गरगर फिरली, ट्रान्झिस्टर माठातल्या पाण्यासारखा गार.

मग वसीमभाईंच्या दुकानातून खरा ट्रान्झिस्टर आणून जोडला. पाचव्या मिनिटाला बोटाला चटका! लेकीला कडेवर घेतलं आणि दुकान गाठलं.

"वसीमभाई, माल डुप्लिकेट आहे."

"वहिनी, चौदा वरसं दुकान हाय. डुप्लिकेट ठेवत न्हाय मी."

"मग तापतो का?"

"मोटर वढतोय त्यो. तापणार न्हाय तर काय, कुल्फी हाय व्हय?"

दुसरा नेला. तापला. तिसरा नेला. तोही तापला. तेव्हा वसीमभाईंनी विचारलं, "गेटला किती व्होल्ट देतायसा?"

गेट म्हणजे ट्रान्झिस्टर चालू-बंद करणारा पाय. इंजिनिअरला असं विचारतात? "सर्किट बरोबर आहे," मी म्हणाले आणि तणतणत घरी आले. अण्णांनाही कळवून टाकलं, की वसीमभाईंचा माल खराब आहे.

अण्णांचा सगळा माल वसीमभाईंकडूनच येतो, हे मला कुणी सांगायचं? दोन दिवसांनी अण्णा बोर्ड बघायला घरी आले, तर गाडीवर मागे वसीमभाई.

"ह्यांचं नाव घेतलासा न्हवं?" अण्णा म्हणाले. "मग ह्यांच्याम्होरंच दाखवा."

स्वयंपाकघरातल्या टेबलावर मोटर चालू केली. अण्णा मोटरकडे बघत होते, आणि मी ट्रान्झिस्टर दिसू नये म्हणून सौंदर्याला घेऊन बोर्डापुढे उभी. शेजारी माझ्या सासूबाई, शांतव्वा, भाकऱ्या थापत होत्या. आम्ही त्यांना अत्ती म्हणतो.

"कायतरी जळकं वास मारतंय," अत्ती म्हणाल्या. मला बाजूला सारून त्या वाकल्या, पिठाशेजारच्या पाण्याच्या वाटीत बोटं बुडवली आणि तव्यावर शिंपडतात तसं ट्रान्झिस्टरवर पाणी शिंपडलं.

चर्रर्र.

"तापलाय चांगला. टाका भाकरी."

अण्णा खो खो हसले. वसीमभाई हसले नाहीत. ते म्हणाले, "वहिनी, कॉम्प्युटर दाखवा."

दाखवला, रागारागानेच. त्यांनी स्क्रीनवरच्या ट्रान्झिस्टरवर बोट ठेवलं. खरा ट्रान्झिस्टर पूर्ण चालू असतानाही विजेला थोडा अडवतो. हा ऑन-रेझिस्टन्स जितका जास्त, तितका तो तापतो. माझ्या लॅपटॉपवर तिथे लिहिलं होतं, शून्य ओहम. असा ट्रान्झिस्टर जगात कुठल्याच दुकानात मिळत नाही. नुसती जोडणी तपासायला म्हणून मी तो पहिल्या दिवशी ठेवला होता. खरा नंतर बसवणार होते, तेवढ्यात सौंदर्या उठली.

आता खऱ्याची माहिती भरली. स्क्रीनवरचा ट्रान्झिस्टरही भट्टी झाला.

"ह्याला गेटला धा व्होल्ट लागत्यात," वसीमभाई म्हणाले. "तुमी पाच देतायसा. नळ अर्धाच उघडलाय, मग अडवणारच की त्यो. परवा इचारलं तर ऐकून घेतलं न्हाईसा."

त्यांनी खिशातून पुडी काढली. आत पाच व्होल्टवर पुरता उघडणारा ट्रान्झिस्टर! परवापासून खिशात घेऊन फिरत होते गृहस्थ, आणि मी त्यांना गावभर खोटं पाडत होते. मी तोंडातल्या तोंडात "चुकलं" म्हणाले. त्यांनी "ऱ्हाऊ द्या" म्हणत सौंदर्याचा गाल ओढला.

नवा जोडला. दहा मिनिटं मोटर चालली. अत्तींनी पाणी शिंपडलं. थेंब तसाच बसून राहिला.

"बोर्ड पास," अण्णा म्हणाले. "काम तुमचंच. पण एक अट हाय."

मला वाटलं, आली ॲल्युमिनियमची पट्टी.

"हितनं म्होरं परतेक बोर्ड शांतव्वांनी बघितल्याबिगर पाठवायचं न्हाय."

आता सांगा! माझ्याकडे पदवी आहे, तापमान मोजायचा मीटर आहे. तरी बोर्ड तयार झालं की मी हाक मारते, "अत्ती, येताय का जरा?"

आणि त्या आतून विचारतात, "वाटी भरलीस का?"