सहा माशांची हजेरी

आमच्या यवतमध्ये रोज सकाळी सातच्या ठोक्याला माशांची हजेरी घेणारा एकच माणूस आहे, तो म्हणजे माझे शेजारी आप्पा. कुरकुंभच्या कारखान्यात उभा जन्म शिफ्टमध्ये काढलेला हा गृहस्थ बनियनवर काचेच्या टाकीसमोर उभा राहतो, बोटानं सहा मासे मोजतो आणि "फुल्ल हजेरी!" असं भिंतींना ऐकवतो.

मासे साधेसुधे नव्हेत. आफ्रिकेतले काँगो टेट्रा, चांगले बोटाएवढे, अंगावर निळी-सोनेरी झाक. "कळपानं ऱ्हाणारी जात हाय, सर. एकटं पडलं की खात न्हाई," हे मी शंभरदा ऐकलं आहे. त्यापाठोपाठ यायचं, "या की जेवायला." मग माझं ठरलेलं उत्तर, "येतो एकदा निवांत." आप्पांच्या पत्नी, आमच्या काकी, गेल्यापासून दोन वर्षं हेच चाललं होतं.

गेल्या महिन्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आप्पा पुण्याला लेकीकडे गेले. जाताना मला रीतसर चार्ज दिला. "पानी फकस्त जारचं घालायचं. बोअरचं जड पानी त्यान्ला सोसत न्हाई." मी मान डोलावली. माशांना विकतचं पाणी म्हणजे जरा अतीच, असं मनात म्हणालो.

चार दिवसांनी पाणी गढूळ दिसलं. आप्पा येतील तेव्हा टाकी लख्ख दिसावी म्हणून मी अर्धं पाणी काढलं आणि बोअरच्या बादल्या ओतल्या. सकाळी पाच मासे उलटे तरंगत होते. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

आप्पा परतले. काळा चष्मा लावून टाकीपुढे उभे राहिले. उरलेला मासा दगडाआड दडला होता. ते रागावले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, "एक हजर."

दुसऱ्या दिवशी दुपारी गेलो, तर आप्पा टाकीला खुर्ची भिडवून बसलेले. पुढ्यात झाकलेलं ताट.

"जेवला नाहीत, आप्पा?"

"त्यानं कालपास्नं तोंड लावलं न्हाई. म्हटलं, आपण म्होरं बसून खाल्लं तर त्ये बी खाईल." ताटाकडे बघत म्हणाले, "पर मलाच घास उतरंना. ह्यी गेल्यापास्नं असंच हाय, सर."

मी घरी गेलो, माझं वाढलेलं ताट उचललं आणि येऊन त्यांच्या शेजारी बसलो. दोन वर्षं फक्त एका भिंतीपलीकडे होतो मी.

"आज निवांत हाय व्हय?" त्यांनी विचारलं.

आप्पांनी बोटानं मासा मोजला, मग स्वतःला, मग मला.

"तीन हजर," ते म्हणाले आणि ताटावरचं झाकण काढलं.