जाहिरातींशिवाय शेवटचा भाग

"ह्या घरात जाहिरात म्हणून शिरू देणार नाही मी," असं हिम्मतरावांनी कॉलनीभर सांगितलं, ते साल शहाण्णव असेल. देशानं आपली दारं उघडली होती म्हणे. दिल्लीत उघडलेल्या त्या दारांतून हैदराबादेत तारनाक्याला हिम्मतरावांच्या बैठकीत काय आलं, तर साबण, शाम्पू, चार तऱ्हेच्या शेवया आणि कड्यावरून उड्या मारून थंडा पिणारी पोरं. पूर्वी बातम्या वाचणारी बाई यायची, नमस्कार करायची आणि गुमान निघून जायची. आता केबलवाल्यानं गच्चीवरून काळी वायर सोडली आणि बिनबोलावलेले पाहुणे घरात कायमचे राहायला आले.

हिम्मतराव रेल्वेच्या कचेरीत हेडक्लार्क. मूळ गाव परभणीकडं. शेती तिकडं आणि पोट इकडं. माणूस तसा शांत, पण मॅचमध्ये षटक संपायच्या आत जाहिरातीतल्या कुकरची शिट्टी वाजली की त्यांचं डोकं फिरायचं. हातातला पेपर टीव्हीवर फेकून मारायचे. पेपर मारल्यानं कुकर बंद होत नाही हे ध्यानात आल्यावर त्यांनी दुसरा इलाज शोधला. कचेरीतल्या एकाचा मेव्हणा जेद्दाहून आला होता, त्याचा व्हीसीआर घरी आणला, सुलतान बाजारातून कोऱ्या कॅसेटी आणल्या, आणि येईल त्याला बसवून आपली युक्ती समजावून सांगायला लागले.

युक्ती सोपी होती. रेकॉर्डिंग चालू ठेवायचं आणि अंगठा पॉजच्या बटनावर. जाहिरात आली, दाबा, थांबलं. जाहिरात गेली, पुन्हा तेच बटन दाबा, चालू. कॅसेटीवर उतरतं ते निव्वळ दूध, पाण्याचा थेंब नाही. हे ऐकून शेजारची भाग्यलक्ष्मी म्हणाली होती, "अन्ना, दिमाग है तुमकू." त्या एका वाक्यावर हिम्मतराव आठवडाभर छाती काढून हिंडले.

आणि तेवढ्यात परभणीहून सुलभाचा फोन आला. सुलभा ही हिम्मतरावांची धाकटी बहीण. तिचं ऑपरेशन ठरलं होतं, घरात करणारं कुणी नाही, वहिनीला पाठवा म्हणत होती. वहिनी म्हणजे इंदुताई, त्या नाही म्हणणाऱ्यांतल्या नव्हत्या. शाळेला सुट्टी होती म्हणून पोराला, गौतमलाही बरोबर न्यायचं ठरलं. पण बॅग भरता भरता त्या एकाएकी खाटेवर बसल्या, कारण त्यांच्या सिरियलचा शेवटचा भाग नेमका त्याच दिवसांत येत होता.

सिरियल नंदिताची. ही नंदिता एका कारखानदाराची बायको. नवरा शेखर, वाईट नाही हो, पण शब्दाचा कच्चा. आज कबूल करणार, उद्या विसरणार. शेवटी ती बॅग उचलून घराबाहेर पडली आणि एका शाळेत शिकवायला लागली. आता ती परत जाते का नाही, एवढंच बाकी होतं. सगळी कॉलनी दोन वर्षं ह्या बाईच्या संसारात गुंतलेली. गुरुवारी आठ वाजता तारनाक्याच्या त्या गल्लीत चोर शिरला असता तर त्याला घरोघरी मोकळं रान मिळालं असतं.

परभणीला सुलभाच्या घरी टीव्ही होता, पण लाईट असली तर. आणि भाग एकदा हुकला की हुकला, असा तो काळ.

"मी आहे ना," हिम्मतराव म्हणाले. "असा भाग दाखवतो, एक जाहिरात दिसणार नाही."

इंदुताईंनी नवऱ्याकडं बघितलं. लग्न झालं त्या महिन्यात ह्या गृहस्थानं सालारजंग म्युझियम दाखवायचं कबूल केलं होतं. वेरूळ-अजिंठा राहू द्या, सालारजंगला गावातली सिटी बस जाते. पोरगं नववीत गेलं तरी म्युझियम बघणं झालं नव्हतं.

"दुसरं काही मागत नाही मी," त्या म्हणाल्या. "तुमच्या बहिणीचं सगळं करते. पण तो भाग मला पाहिजे. ह्या वेळी विसरलात तर बघा."

काय बघा, ते त्यांनी सांगितलं नाही. बॅगेची चेन तेवढी ओढली. हिम्मतरावांना उगीचच नंदिताची बॅग आठवली.

खरं सांगायचं तर हिम्मतरावांनी ती सिरियल कधी नीट बघितलीच नव्हती. ती चालू असली की ते पेपर आड धरून बसत आणि "बायकांचं रडगाणं" एवढाच अभिप्राय देत. पण शब्द तो शब्द. गुरुवारी कचेरीतून लवकर आले, हातपाय धुतले, स्टूल टीव्हीपुढं ओढलं, अंगठा बटनावर ठेवून पूजेला बसल्यासारखे बसले. जाहिरात कधी येते ते कळायचं तर सिरियलकडं डोळे लावणं भागच होतं. तिथंच घात झाला.

पहिला तुकडा झकास उतरला. त्यात नंदिताचा म्हातारा बाप तिला भेटायला शाळेत येतो. पोरीसाठी रुमालात शेंगदाण्याचे लाडू बांधून आणतो आणि म्हणतो, "तू परत जा असं सांगायला नाही आलो गं. तू जेवतेस का, ते बघायला आलो." बस्स. हिम्मतरावांना आपले वडील आठवले. तेही गावाकडून असेच यायचे, धोतराच्या सोग्यात काहीतरी बांधून. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल डोळ्याला लावला. टॉवेल काढला तोवर साबण, शाम्पू आणि कुकर होऊन गेले होते, आणि पुन्हा नंदिता दिसायला लागली होती. "आली, आली!" म्हणत हिम्मतरावांनी घाईनं बटन दाबलं.

आता बघा, काय झालं असेल. जाहिराती आल्या तेव्हा बटन दाबायचं राहिलं होतं, म्हणजे मशीन चालूच होतं. सिरियल सुरू झाल्यावर दाबलं, तर ते थांबलं. पुढं जाहिराती आल्या, ह्यांनी इमानदारीत दाबलं, तर ते चालू झालं. तिथून शेवटपर्यंत एकही चूक न करता, अगदी वेळच्या वेळी हिम्मतराव उलटं रेकॉर्डिंग करत गेले. मशीनवरच्या लाल दिव्याकडं बघायला पाहिजे होतं, पण दिवा दिसायला डोळे कोरडे लागतात.

शेवट बघून ते कितीतरी वेळ स्टुलावरच बसून राहिले. मग मधल्या भिंतीपाशी जाऊन भाग्यलक्ष्मीला हाक मारली आणि अक्काला, म्हणजे इंदुताईंना, शेवट सांगायचा नाही म्हणून तिला तिरुपतीची शपथ घातली. डोळे का लाल, असं तिनं विचारलं, तर कांदा चिरत होतो म्हणाले. हिम्मतरावांनी जन्मात कांदा चिरला नव्हता, हे त्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना ठाऊक होतं.

काही दिवसांनी एका संध्याकाळी इंदुताई परतल्या. बॅग दाराशीच ठेवली, पाण्याचा घोट घेतला आणि विचारलं, "आहे ना?" हिम्मतरावांनी कॅसेट अशी पुढं केली की जणू सोन्याची वीट. गौतम खाली बसला. अक्का आल्या म्हणून भाग्यलक्ष्मी पुलिहोऱ्याचा, म्हणजे चिंचेच्या भाताचा, डबा घेऊन आली आणि तीही टेकली.

पहिला तुकडा सुरू झाला. बाप आला, लाडू आले, इंदुताईंनी पदर डोळ्याला लावला. हिम्मतराव सगळ्यांच्या मागं उभे राहून मिशीला पीळ देत होते. मग साबण आला. हिम्मतराव म्हणाले, एखादी राहिली असेल, माणूस आहे. मग शाम्पू, कुकर, पंखा. पंख्यामागून बिस्कीट, बिस्किटामागून स्कूटर, मग कड्यावरून उडी मारणारी पोरं, मग पुन्हा साबण. नंदिताचा पत्ता नाही. जाहिरातींची अशी सलग रांग हैदराबादेत कुणी पाहिली नसेल; एकीतसुद्धा सिरियलचा व्यत्यय नव्हता. गौतम हसायला लागला, पण आईकडं बघितल्यावर त्यानं तोंड मिटलं.

शेवटी एका बाईनं आपले पांढरेशुभ्र कपडे दाखवले आणि कॅसेट संपली.

इंदुताई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी दाराकडं बघितलं आणि म्हणाल्या, "बॅग अजून उघडली नाही मी."

हिम्मतरावांनी बॅगेकडं बघितलं. त्या क्षणी त्यांना म्युझियम आठवलं, बायकोनं आपल्या बहिणीचं उष्टंखरकटं काढलेलं आठवलं, आणि आपण किती वेळा "मी आहे ना" म्हणालो तेही आठवलं. ते मट्कन खाली बसले आणि म्हणाले, "थांब. मी सांगतो. सगळं पाठ आहे मला."

आणि काय सांगितलं म्हणता! पेपर आड धरणारा हा माणूस नंदिता झाला, बाप झाला, शाळेची हेडबाई झाला. हेडबाईसाठी त्यांनी डोक्यावरून टॉवेल घेतला. गौतम वडिलांकडं आ वासून बघत होता. ऐन रंगात आलं की हिम्मतराव थांबून तांब्यानं पाणी प्यायचे. दुसऱ्यांदा थांबले तेव्हा इंदुताई म्हणाल्या, "जाहिराती कमी करा." पण म्हणताना त्या पुढं सरकून बसल्या होत्या, हे हिम्मतरावांनी हेरलं.

सांगता सांगता ते शेवटापाशी आले, आणि त्यांची जीभ अडखळली. कारण खऱ्या शेवटात नंदिता परत जात नाही. शेखर येतच नाही. ती आपल्या हातानं नव्या घराला कुलूप लावते आणि शाळेकडं चालू लागते, बस्स. आता समोर बायको, दाराशी न उघडलेली बॅग, आणि हा शेवट सांगायचा?

"मग शेखर आला," ते म्हणाले.

भाग्यलक्ष्मीनं चमकून वर बघितलं. हिम्मतरावांनी तिच्याकडं असं बघितलं की दगडाला पाझर फुटावा. बिचारी पुलिहोऱ्याच्या डब्याकडं बघायला लागली.

"आला? स्वतः?" इंदुताईंनी विचारलं.

"स्वतः. शाळेच्या फाटकात उभा राहिला, हात जोडले, म्हणाला, माझं चुकलं."

"नुसतं चुकलं म्हणून काय होतंय? ते तर तो दर महिन्याला म्हणायचा."

हे खरं होतं. काहीतरी वजनदार पाहिजे होतं. समोर भिंतीवर देव होते, पण देवांनी काही सुचवलं नाही. नजर स्वयंपाकघराकडं गेली आणि तोंडातून निघून गेलं, "म्हणाला, उद्यापासून सकाळचा चहा मी करीन."

"एवढा मोठा कारखानदार? चहा?"

"रोज."

"रोज म्हणाला?"

"जन्मभर म्हणाला," हिम्मतराव म्हणाले. जाताजाता माणूस जास्तीचं बोलतो ते असं.

इंदुताई भाग्यलक्ष्मीकडं वळल्या. "हौ का गं?"

भाग्यलक्ष्मीनं एकदा अक्काकडं बघितलं, एकदा अन्नाकडं, मनातल्या मनात तिरुपतीची माफी मागितली आणि म्हणाली, "हौ अक्का. अद्रक डालके बोला."

इंदुताईंनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "तर मग गेली ते बरं केलं. असा नवरा असला तर जावं माणसानं परत."

एवढं म्हणून त्या हलल्या नाहीत. बॅगही हलली नाही. शेवटी हिम्मतराव आपणहून उठले, स्वयंपाकघरात गेले आणि आतून विचारलं, "आलं कुठं असतंय?"

पहिला चहा त्यांच्या हातनं भांड्यातच करपला. दुसरा प्यायला गेला. बॅग उघडली गेली.

त्या दिवसापासून सकाळचा चहा हिम्मतरावांकडं. सिरियलमधल्या शेखरनं जन्मभर कबूल केलं म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी कोणत्या तोंडानं मोडणार? निवृत्त झाले, केस गेले, चहा गेला नाही.

बाकी बरंच गेलं. भिंत गेली, घर पाडून तिथं अपार्टमेंट उभं राहिलं. भाग्यलक्ष्मी मुलाकडं विजयवाड्याला गेली. व्हीसीआर बिघडला तो बिघडलाच. ती कॅसेट मात्र कपाटात साड्यांखाली पडून राहिली. मग परवा गौतम आला. तो आता गच्चीबावलीला कंपनीत असतो. आईबापासाठी भिंतीएवढा टीव्ही आणला, त्यात इंटरनेट, आणि विचारलं, "बाबा, स्वस्तातलं पॅकेज घेतलं तर मधे जाहिराती येतात. महागातल्यात एकही नाही. महागातलंच घेऊ ना?"

"नको," हिम्मतराव म्हणाले. "जाहिराती पाहिजेत."

गौतमला वाटलं, वयाचा परिणाम. पण हिम्मतराव मनापासून बोलत होते. त्या काळी ब्रेक झाला की सगळी गल्ली एकदम उठायची. घरोघरी नळ सुरू व्हायचे, दूध गॅसवर चढायचं, भाग्यलक्ष्मी भिंतीवरून "अक्का, क्या होता की अब?" म्हणून ओरडायची, आणि साबणाची बाई गायला लागली की सगळे पळत आपापल्या जागी. आता शेजारी काय बघतो ते शेजाऱ्यालाच ठाऊक. त्या जाहिरातींची आपल्याला आठवण येते, हे कुणाला सांगितलं तर हसेल, पण येते.

गौतमनं महागातलंच घेतलं. "आई, जुन्या सिरियलीपण आहेत यात. तुझी नंदिताची आहे बघ, सगळे भाग!" म्हणाला, आणि हिम्मतरावांनी हातातला कप खाली ठेवला.

इंदुताईंनी थेट शेवटचा भाग लावायला सांगितला. बाप आला, लाडू आले. पुढं साबण नाही, कुकर नाही, उठून जायला एक निमित्त नाही. आत्ताच्या आत्ता एखादी जाहिरात यावी असं हिम्मतरावांना आतून वाटलं. नंदितानं कुलूप लावलं. ती चालू लागली. फाटकात कुणी नव्हतं.

"त्या वेळी वेगळं दाखवलं होतं बहुतेक," हिम्मतराव पुटपुटले. "हे नंतर बदललं असंल."

"काही बदललं नाही," इंदुताई शांतपणे म्हणाल्या. "भाग्यलक्ष्मीनं दुसऱ्याच दिवशी भिंतीवरून सांगितलं होतं मला. तिरुपतीची दोनदा माफी मागून."

हिम्मतराव तिच्याकडं वळले. "मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर चहा बंद झाला असता."

हिम्मतरावांनी कप बाजूला सारला. मग ताठ बसत म्हणाले, की शेखर आलाच नव्हता हे आता सर्वांसमक्ष सिद्ध झालेलं आहे. तेव्हा उद्यापासून आपण चहाच्या कामातून मोकळे.

"शेखर आला नव्हता," इंदुताई म्हणाल्या. "पण जन्मभर म्हणालं होतं ना कुणीतरी?"

हिम्मतराव उठले, स्वयंपाकघरात गेले आणि आलं किसायला घेतलं.