कप्तानअण्णांची पाटी

आमच्या शेजारच्या कप्तानअण्णांच्या घरातून बाहेर पडायचं तर आधी पट्टी सरकवावी लागते.

दाराशी लाकडी पाटी आहे. तिच्यावर घरातल्यांची नावं आणि प्रत्येक नावापुढे एक सरकती पट्टी. डावीकडे ‘जहाजावर’, उजवीकडे ‘किनाऱ्यावर’. जहाज म्हणजे पिंपरी पेंढारमधलं त्यांचं बैठं घर. पाणी म्हणाल तर मागचं शेततळं, आणि उन्हाळ्यात त्याचाही तळ दिसतो.

विहिरीत पोहायला शिकलेला हा गावचा मुलगा युद्धनौकेचा कप्तान झाला. पुढे रिअर ॲडमिरल म्हणून निवृत्त झाला, पण ते नाव गावाच्या जिभेवर बसेना, कप्तानच राहिला. घरात अजून स्वयंपाकघराला ‘गॅली’ आणि ओट्याला ‘डेक’ म्हणतात.

“अण्णा, निस्तं बांधावर जाऊन येतो, त्याला कशाला पट्टी?” शेतगडी रामभाऊ कुरकुरायचा.

“बुडालास तर शोधायचं कुठं?”

“कांद्यात कोन बुडतंय राव!”

त्यांची मुलगी मीरा पुण्यात असते. “बाबा, आता चला,” हे तिचं दर दिवाळीचं. अण्णांचं उत्तरही ठरलेलं: “सगळी माणसं परत आल्याशिवाय जहाज हलत नाही.” रामभाऊ बाजारातून उशिरा येतो, त्याबद्दल असेल, असं मी धरून चालले होते.

मी याद्या करणारी बाई. किराणा, आहेर, माळ्यावरची भांडी, सगळ्याची यादी. त्यामुळे ती पाटी मला फार आवडायची. यंदा तिला वाळवी लागली, तेव्हा आळेफाट्याच्या सुताराकडून तशीच तीन पट्ट्यांची नवी करून आणली. नावं मीच रंगवली. अण्णा आणि रामभाऊ, अशी दोनच. जुनीवर तिसरं होतं, सुमन. अण्णांच्या पत्नीला, सुमनवहिनींना, जाऊन चार वर्षं झाली, पट्टी अजून ‘किनाऱ्यावर’च होती. यादी ताजी असावी, एवढाच माझा विचार.

पाटी लावली त्या दिवशी मीरा आली होती. अण्णांना दोनदा चक्कर आली होती; डॉक्टर म्हणाले, एकटं ठेवू नका. तिने पाटी वाचली. “बाबा, बघा, सगळे जहाजावर. आता तरी निघू.”

अण्णांनी कोऱ्या तिसऱ्या पट्टीवर बोट ठेवलं.

“अक्षर सुरेख आहे, वहिनी. एक माणूस कमी आहे.”

मग ते मीराकडे वळले.

“मी सहा-सहा महिने समुद्रावर असायचो. बोट धक्क्याला लागली की ही उभी दिसायची. एकदा म्हणून चुकली नाही.” त्यांनी पट्टीवरचं बोट काढलं. “ती येणार नाही, एवढं कळतं मला. पण नाव माझ्या हातून नाही उतरायचं.”

मी घरी जाऊन रंगाची डबी आणली. ‘सुमन’ लिहिलं. ओल्या अक्षरांना धक्का न लावता अण्णांनी पट्टी उजवीकडे सरकवली.

मीराने पाटी पुन्हा एकदा वाचली. मग तिने गाडीतली आपली बॅग काढून आत नेली.

“काकू, माझंही नाव घाला ना.”

“पट्टी उरली नाही गं.”

अण्णा चहा ठेवायला गॅलीत गेले. मी वही काढली आणि उद्याचं पहिलं काम लिहिलं: सुतार, चौथी पट्टी.