कर्णिककाकांचे पाच शब्द

इथे आखातात, आमच्या अल गराफाच्या कंपाउंडमध्ये कोणाचं दूध उतू गेलं तरी शेजारचे कर्णिककाका पिवळं चकाकतं जाकीट घालून हजर होतात. आयुष्य गॅस प्लांटच्या सेफ्टी खात्यात गेलं. आता सल्लागार म्हणून हाफडे ऑफिस. "आधी ब्रीफिंग, मग काम," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. गणपतीच्या मोदकांआधीसुद्धा त्यांनी आम्हा बायकांना वाफेवर ब्रीफिंग दिलं होतं.

समोर लिन राहते. तिचा अडीच वर्षांचा मुलगा लेले. पुण्याचा नव्हे, चिनी. घरी फक्त मँडरिन. लिनची नोकरी सुरू होणार, म्हणून लेले नर्सरीत जाणार, आणि त्याला इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. लिन रडवेली झाली. मी लगेच यादी केली: रंग, फळं, प्राणी.

काकांनी यादी वाचली. "हत्ती कशाला? नर्सरीत हत्ती येणारे का? पाच शब्द बास. वॉटर, टॉयलेट, हर्ट, हेल्प, स्टॉप."

रोज संध्याकाळी ड्रिल. लेलेच्या अंगात काकांचं जुनं जाकीट, घोट्यापर्यंत. काकांनी शिट्टी वाजवली की लेले पळायचा आणि ओरडायचा, "यल्ला!" म्हणजे अरबीत 'चला'; हा सहावा शब्द मात्र न शिकवताच आला. शेवटी एकदा काका तहानेनं व्याकूळ झाल्याचं नाटक करत सोफ्यावर आडवे झाले. लेले पेला घेऊन धावत आला. "वॉटर!" अर्धं पाणी काकांच्या नाकात. लिननं टाळ्या वाजवल्या.

पहिल्या दिवशी मी गाडी काढली. लिनला ऑफिसला सोडलं, मग आम्ही नर्सरीत. दारात काकांनी टीचरला थांबवलं. "मॅडम, टू मिनिट्स ब्रीफिंग." आणि तिच्याकडून चक्क चिनी शब्द घोकून घेतले. श्वेई म्हणजे पाणी. मामा लायला म्हणजे आई येतेय. लिनकडून गुपचूप शिकले होते.

"काका, इंग्रजी शिकवलं की आपण त्याला!"

"अगं, रडू आलं की शिकलेलं सगळं जातं. आमची लेक सोनू इथेच नर्सरीत पहिल्या दिवशी 'पाणी, पाणी' करत राहिली. कोणाला कळेना. मी ड्यूटीवर." मग घाईनं म्हणाले, "तू नीघ. मी टॅक्सीनं ऑफिसला जातो."

दुपारी आणायला गेले, तर लेलेचा शर्ट पुढून चिंब. टीचर हसत होती. "दोनदा 'वॉटर' मागितलं. एकदा रडला, मी 'मामा लायला' म्हटलं, गप्प झाला."

माझा जीव भांड्यात पडला. लिनला मेसेज टाकेपर्यंत मागून पिवळं जाकीट आलं. ऑफिसला कुठले जातात! सकाळपासून समोरच्या भिंतीच्या वीतभर सावलीत उभे होते. चेहरा लालबुंद.

काकांनी वाकून लेलेचा ओला शर्ट चाचपला. परत चाचपला.

"भरपूर प्यायलाय गं," ते म्हणाले. "ऑल क्लियर."

मग माझ्या हातातली पाण्याची बाटली घेतली आणि एका दमात रिकामी केली.