अण्णांची लोड टेस्ट

आमचे मल्लेश्वरमचे घरमालक खंडोजीअण्णा. त्यांच्या तब्येतीची विचारपूस करायला कोणी गेलं, की कॉफीच्या आधी हातात स्क्रू-ड्रायव्हर यायचा. हातभर लांब. टोक अण्णांच्या छातीवर टेकवायचं, मूठ आपल्या कानाला लावायची आणि आत काय ऐकू येतंय ते सांगायचं. विमानाच्या कारखान्यात अण्णांनी जन्मभर इंजिनं अशीच तपासली होती. हार्ट अ‍ॅटॅक आला म्हणून हृदयाला वेगळा नियम कशाला?

"धडधडतंय," मी म्हणालो.

"ते मला ठाऊक आहे. खडखडतंय का सांगा."

अण्णांचे पूर्वज घोड्यावरून या कानडी मुलखात आले आणि परत जायचे राहिले. अण्णा कारखान्यात ओरडले, तर उतरायला आलेलं विमान पुन्हा वर जायचं असं लोक सांगतात. लोक म्हणजे मीच.

त्यांच्या बायकोचे, अक्कांचे, पाय गेलेले. रोज सकाळी अण्णा त्यांना उचलून परसात कोवळ्या उन्हात नेऊन बसवत. अ‍ॅटॅकनंतर डॉक्टरांनी वजन उचलायला बंदी केली आणि अक्का आतल्या खोलीतच राहिल्या. आम्ही नेतो म्हटलं, तर दोघंही ऐकेनात. "ते माझं काम आहे," अण्णा म्हणत.

शेवटी कार्डिओग्राम पाहून डॉक्टर म्हणाले, "हृदय छान सावरलंय. हळूहळू वजन उचलायला हरकत नाही."

अण्णांचा विश्वास बसेना. "खाटेवर झोपवून टेस्ट घेतली त्यांनी. लोडवर, वजन देऊन बघायला नको? मध्येच बंद पडलं तर ती खाली पडेल."

सुरुवात पाण्याच्या तांब्याने झाली. मग बादली. मग अर्धं पोतं तांदूळ. अण्णा पोतं घेऊन परसाला फेऱ्या मारायचे आणि मी स्क्रू-ड्रायव्हर रोखून त्यांच्यामागे धावायचो. ते दृश्य पाहून आमचा पोस्टमन अख्ख्या गल्लीची पत्रं कुंपणावर टाकून पळाला.

आतून अक्का ओरडायच्या, "अहो, स्वल्प थांबा, पुरे करा. पोत्याला ऊन दाखवताय की काय?"

मग माझी पाळी आली. तेव्हा मी रिक्षात बसलो, की रिक्षाचं पुढचं चाक हवेत जायचं.

"तुम्ही अक्कापेक्षा जड," अण्णा म्हणाले. "तुम्हाला नेलं, की तिची काळजी नाही."

त्यांनी मला उचललं. शेजारच्या बायका गच्चीवर गोळा झाल्या. मी देवाचा धावा करत होतो, खाली फरशी होती म्हणून. कान आपोआपच त्यांच्या छातीला लागला होता.

"खडखड?"

"नाही."

"सरी, ठीक आहे," म्हणून त्यांनी मला तिथेच सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा नवा शर्ट घालून आतल्या खोलीत गेले. मी परसात खुर्ची मांडून थांबलो. पाय रोवून, श्वास भरून, माझ्यासाठी लावला होता तेवढाच जोर लावून त्यांनी अक्कांना उचललं असावं. कारण दारातून ते जवळजवळ धडपडतच बाहेर आले आणि उन्हात उभे राहिले. चेहरा पार उतरलेला. मला वाटलं, झालं, बंद पडतंय.

"अगं," ते हळूच म्हणाले, "वजनच नाही तुला."

अक्कांनी पदर सारखा केला. "तुम्ही अंथरुणावर. मला एकटीला जेवण कुठलं जायला?"

मी खुर्ची पुढे सरकवली. अण्णांनी नको म्हणून मान हलवली. ऊन भिंतीवरून खाली उतरलं, तरी ते अक्कांना घेऊन तसेच उभे होते.