फीत कापू नका

आमच्या गावात कसलंही उद्घाटन असो, टाळ्या संपायच्या आत एक हात पुढे येतो आणि कापलेली फीत उचलतो. तो हात शांतवनबापूंचा. पाहुणे पेढ्यांकडे वळलेले असतात, फोटोवाला मोबाईलमध्ये डोकं घालून उभा असतो, आणि बापू फितीचे दोन्ही तुकडे बोटांवर गुंडाळून सदऱ्याच्या खिशात टाकतात. कुणी हसलंच तर उत्तर ठरलेलं : "माजी पट्टी हाय तिच्यात."

पट्टी म्हणजे घरपट्टी. पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या गावात ती मार्चअखेरीला, स्पीकरवरून थकबाकीदारांची नावं वाचली गेल्यावर भरायची रीत आहे. बापू एप्रिल लागताच भरतात. मीही वेळेवर भरतो, पावती फाइलला लावतो आणि विसरतो. बापू विसरत नाहीत. साखर कारखान्याचा ट्रॅक्टर चालवून ते निवृत्त झाले, आता चर्चच्या मागे दोन खोल्यांत एकटेच असतात. गावातल्या प्रत्येक सरकारी वस्तूकडे ते घरधन्याच्या नजरेने पाहतात. रस्त्यावरचा दिवा दिवसा जळताना दिसला की काठीने खटका पाडतात. नवा बाक आला की आधी हळू बसतात, मग उठून आदळून बसतात. पेव्हर ब्लॉकवर टाच आपटून कान देतात. टाकीचं उद्घाटन झालं तेव्हा आमदारांचं भाषण चालू असतानाच त्यांनी नळ सोडून पाहिला होता. फुस्स झालं. भाषण तिथंच आटोपलं.

खुली व्यायामशाळा आली त्या दिवशी तर बापू सगळ्यांच्या आधी त्या लोखंडी सायकलवर चढले. पाय मारमारून दमल्यावर सरपंचांना म्हणाले, "आबा, ही कुटं जात न्हाई."

"बापू, ही व्यायामाची हाय. जाग्यावरच चालती."

"मंजी आमच्या पट्टीसारकीच म्हना की."

आता त्या सायकलवर बायका मिरच्या वाळवतात. बापूंना ते पसंत आहे. "तेवडी तरी वसुली," म्हणतात.

फितींचं ते काय करतात, यावर गावात बरेच तर्क होते. कुणी म्हणे शेळ्यांच्या गळ्यात बांधतात, कुणी म्हणे घेवड्याचे वेल. माझा अंदाज असा की पुरेशा जमल्या की ग्रामपंचायतीलाच विकणार.

मग कमानीचा विषय निघाला. गावाच्या वेशीवर मोठी सिमेंटची कमान, वर दोन सिंह, असा आबांचा बेत होता. आबा मनाने वाईट नाहीत, पण शेजारच्या गावाला कमान झाल्यापासून त्यांना झोप लागत नव्हती. ग्रामसभेत ग्रामसेवकांनी अंदाजपत्रक वाचलं. रक्कम ऐकून मी बोटांवर शून्यं मोजली. बापू काठी टेकत उठले.

"भाऊसाहेब, कमान न्हाई म्हनून गाव कुनाला सापडत न्हाई का?"

"तसं नाही बापू..."

"टँकरवाल्याला सापडतं. मतं मागायला येनाऱ्याला तर अंधारात सापडतं."

सभा हसली. आबाही हसले. "अहो बापू, शोभा असती गावाला. सगळंच काय खायच्या उपेगाचं असतंय व्हय?"

"असू द्या की शोभा. पन आदी शाळंत चला माज्यासंगं. पोरींच्या संडासाला दार न्हाई, पानी न्हाई. तिथं दार लावायला पैका न्हाई, अन् गावाला दार करताय?"

आमच्या ग्रामसभेत बायका सहीपुरत्या येतात आणि दाराशी उभ्या राहतात. त्यांच्यातून आवाज आला, "बापू खरं बोलत्यात." मग एक हात वर झाला, आणि बघता बघता दाराशी हातच हात. आबांनी मागे पाहिलं, पुढे पाहिलं. निवडणूक जवळ होती. सिंह बारगळले.

संडास नव्याने बांधून झाला, नळाला पाणी आलं. आबांनी मनाचा मोठेपणा दाखवला आणि फीत कापायला बापूंनाच बोलावलं. बापू आले ते थेट फितीखालून वाकून आत शिरले. आतून कडी लावल्याचा आवाज आला, काढल्याचा आला, पुन्हा लावल्याचा आला. आम्ही सगळे हार घेऊन बाहेर उभे. बाहेर आल्यावर म्हणाले, "बसती."

शिपायाने ताटातली कात्री पुढे केली. बापूंनी ती बाजूला सारली. "कापायची कशाला? आख्खी ऱ्हाऊ द्या." आणि गाठ सोडायला बसले. शिपायाने ती वाऱ्याने सुटू नये म्हणून चांगली आवळली होती. आबा कळवळले, "बापू, मुहूर्त चाललाय!"

"आमच्यात मुहूर्त नस्तो," बापू म्हणाले.

गाठ सुटली. लांबलचक लाल फीत त्यांनी नीट गुंडाळली आणि खिशात न टाकता शाळेच्या बाईंच्या हातात दिली. बाई माझ्याकडे पाहून हसल्या. "आमच्या शाळेतल्या निम्म्या वेण्या उद्घाटनांवरच चालतात."

मी पाहिलं. रांगेतल्या वेण्यांवर चौकातला हायमास्ट दिवा होता, टाकी होती, व्यायामशाळा होती.

रांगेत पुढे उभ्या असलेल्या मुलीची रिबीन सुटली होती. बाई बोलवायच्या आत ती बापूंसमोर पाठ करून उभी राहिली, जणू रोजचंच. त्या ट्रॅक्टरच्या हातांनी एकच पीळ, एकच ओढ दिली, आणि दोन्ही पाकळ्या सारख्या असलेलं फूल वेणीवर उभं राहिलं.

"हे कुठं शिकलात बापू?" मी विचारलं.

"रूथची आई लवकर गेली. मग वेन्या कोन घालनार?" रूथ म्हणजे त्यांची लेक, ती आता श्रीरामपूरला सासरी असते. "लई हुशार हुती. सातवीत पयली आली. मग मोठी झाली. शाळंत आडोसा न्हवता. एक दिवस म्हनली, बापू, उद्यापासनं वेनी घालू नका, मी जानार न्हाई. मी बी म्हनलं, बरं."

मुलगी रांगेत पळाली. बापूंनी नव्या दाराची कडी पुन्हा एकदा सरकवून पाहिली.

"पट्टी तवाबी भरत हुतो मी," ते म्हणाले.