व्हर्लिनची पाठ आणि माझी कुऱ्हाड

डोंगरांच्या घडीत एक खोरं होतं. खोऱ्यात ओढा होता, ओढ्यावर लाकडी पूल होता आणि पुलापल्याड राहायचे व्हर्लिन आणि डेल्फा. व्हर्लिन म्हणजे माझा नवरा. डेल्फा म्हणजे मीच. (गोष्ट माझीच, म्हणून मला जरा कमी वेंधळी दाखवीन म्हणते. बघू जमतंय का.)

व्हर्लिन कोळशाच्या खाणीत होता. एक दिवस खाणीचं छत खाली आलं आणि त्यातला एक दगड, आमच्या चुलीएवढा, त्याच्या पाठीवर बसला. माणूस वाचला, पाठ गेली. बूट मी घालून द्यायचे, बूट मी काढायचे.

आता आमच्याकडे रीत अशी की परक्या माणसासमोर दुखणं सांगायचं नाही. कसा आहेस विचारलं की "बरंय, तक्रार नाही" म्हणायचं, मग भले पाय कापून हातात दिलेला असो. आणि थंडीत ज्याच्या बायकोच्या हातात कुऱ्हाड दिसली, त्या पुरुषानं चर्चमध्ये मागच्या बाकावर बसायचं. म्हणून मी एक साधंसं ठरवलं. उजाडायच्या आत व्हर्लिनचा खाणीतला कोट चढवायचा, त्याची टोपी कानांवर ओढायची आणि लाकडं फोडायची. लांबून बघणाऱ्याला वाटावं, व्हर्लिन झाला की बरा!

लांबून बघणारा निघाला सरकारी माणूस.

आम्ही अपंगांच्या पेन्शनसाठी अर्ज केला होता. उत्तर आलं, नामंजूर. त्यांच्या डॉक्टरनं विचारलं तेव्हा व्हर्लिन "तक्रार नाही" म्हणाला होता, ते एक. आणि त्यांच्या माणसानं रस्त्यावरून स्वतः पाहिलं होतं की अर्जदार पहाटे जोमानं लाकडं फोडतो. जोमानं! (मला एवढं चांगलं आजवर कुणी म्हटलं नव्हतं, आणि म्हटलं ते व्हर्लिनच्या नावावर.)

व्हर्लिन म्हणाला, "झालं तर. पुन्हा खाली जातो. मुकादम घेतो म्हणालाय."

"आपला डॉक्टर काय म्हणाला विसरलास? पाठीला आणखी एक दणका बसला तर जन्मभर खाटेवर."

"मग काय करू? बसून खाऊ?"

मी पूल ओलांडला आणि मिळेल त्या गाडीनं तालुक्याला जाऊन वकील करून आले. वकीलबाई लेनोरा. तिशीची, काटकुळी, मोठा चष्मा. पेन्शन मिळाली तर त्यातला वाटा घेणार, नाही मिळाली तर काही नाही. व्हर्लिनला हे पटेना. "फुकट काम करणारी बाई? तिच्या डोक्यात बिघाड असणार."

लेनोरा घरी आली. ओसरीवर बसली आणि पहिलाच प्रश्न: "व्हर्लिन, तुम्ही खरंच लाकडं फोडता?"

व्हर्लिन भिंतीकडे बघायला लागला. मी चुलीवरचा घेवडा लागलाय का बघायला आत गेले.

"सवय आहे," तो म्हणाला.

"पण पाठ?"

"तक्रार नाही."

मी बाहेर आले. तिनं मला विचारलं, "डेल्फाबाई, हे फोडतात?" मी म्हटलं, घेवडा करपतोय, आणि पुन्हा आत. त्या दिवशी घेवड्याकडे मी इतक्यांदा गेले की घेवड्यालाही संशय आला असेल.

लेनोरा म्हणाली, "ठीक आहे. मोठ्या जज्जासमोर सुनावणी मागितलीय. गुरुवारी येऊन मी शेजाऱ्यांशी बोलते. यांना काय काय जमत नाही, ते त्यांनी पाहिलं असेलच."

झोप उडाली माझी. शेजाऱ्यांना आम्ही वकील केल्याचंही माहीत नव्हतं! सकाळी उठून शेजारच्या झेल्माकडे गेले. काय बोलायचं ठरवलं नव्हतं, तोंडातून आलं ते असं:

"झेल्मा, गुरुवारी शहरातली एक बाई येईल. व्हर्लिनला खाणीच्या कचेरीत खुर्चीवरचं काम लागायची शक्यता आहे. तिनं विचारलं तर जरा चांगलं सांग हं."

"चांगलं? अगं, तू बघच!"

झेल्माला सांगितलं म्हणजे खोऱ्याला सांगितलं. गुरुवारी लेनोरा दारोदार फिरली. मी ओसरीवरून आत, आतून ओसरीवर, पायाला भिंगरी. दुपारी ती परतली ती पायरीवरच बसली. चष्मा काढून पुसला.

"डेल्फाबाई, झेल्मा म्हणते यांनी तिची गाय उचलली."

"गाय?"

"मी पण हेच विचारलं. म्हणाली, लहान होती. पाद्रीसाहेब म्हणाले, चर्चमधला पियानो यांनी एकट्यानं जिन्यावरून वर नेला."

"आमच्या चर्चला जिना कुठाय?" आतून व्हर्लिन म्हणाला.

लेनोरानं माझ्याकडे रोखून पाहिलं. "मी खोटं मांडणार नाही. काय आहे ते मला माहीत नाही, पण काहीतरी आहे. जज्जासमोर खरं बोललात तर आशा आहे. नाहीतर हे त्याच आठवड्यात खाणीत उतरतील, आणि मी काही करू शकणार नाही."

सुनावणीच्या दिवशी व्हर्लिनचा डबा त्यानं स्वतःच घासून ठेवलेला मी पाहिला. खाणीत न्यायचा डबा. जज्ज नाही म्हणाला तर दुसऱ्या दिवशी जायची तयारी. त्याच्या बुटांच्या नाड्या बांधल्या आणि निघालो.

जज्जांच्या कचेरीबाहेर बघते तर झेल्मा! तिच्या मागे पाद्री आणि अर्धं खोरं, सगळे रविवारच्या कपड्यांत. झेल्माच्या हातात वाळलेल्या सफरचंदांचा थरांचा केक. "खुर्चीच्या कामासाठी आलोय," झेल्मा कानात म्हणाली. "आणखी काय उचललं म्हणून सांगू?"

"काही उचलू नकोस!" मी म्हटलं आणि आत पळाले.

जज्जसाहेब पिकल्या केसांचे, शांत. कोपऱ्यात झेंडा, टेबलावर पाण्याचा जग आणि कागदांचा ढीग. आम्हा दोघांनाही शपथ दिली.

"व्हर्लिन, तुमचा दिवस कसा जातो?"

"मजेत, साहेब."

लेनोरानं टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला. तो म्हणाला, "बाई, माझा पाय आहे तो." जज्जसाहेब ऐकत होते.

"किती वजन उचलता?"

"लागेल तेवढं."

"लाकडं फोडता?"

व्हर्लिननं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "घरात दुसरं कोण फोडणार?"

जज्जसाहेबांनी कागद मिटायला घेतले. माझ्या डोळ्यांपुढे तो घासलेला डबा आला. मी उठलेच.

"साहेब, खोटं बोलतोय तो! मी फोडते! कोट त्याचा, टोपी त्याची, आत मी!"

"डेल्फा!" व्हर्लिनचा चेहरा लालबुंद.

"गप रे! तुला खाणीतून उचलून आणलं तेव्हा तुझ्या तोंडातून शब्द फुटत नव्हता, तेव्हा गप्प राहिलेलं चाललं. आता नाही चालत."

जज्जसाहेब मला आपादमस्तक बघत राहिले. (मी बुटकी आहे. कोट माझ्या घोट्यापर्यंत येतो.) "तुम्ही? आमच्या माणसानं लिहिलंय, जोमानं."

"दाखवू?"

लेनोरा नको नको म्हणेपर्यंत मी तिची छत्री उचलली, पाय फाकवले, डोक्यावरून मागे नेली आणि दिली दणकन. छत्री लागली पाण्याच्या जगाला. जग आडवा, पाणी जज्जसाहेबांच्या कागदांवर, तिथून त्यांच्या मांडीकडे.

आणि व्हर्लिन, जन्मात कधी काही सांडताना नुसता बघत न बसलेला माणूस, जग धरायला झेपावला. झेपावला आणि तिथंच अडकला. कमरेत दुमडलेला, नाक टेबलाच्या कडेखाली, एक हात हवेत. वर येईना, खाली जाईना. घाम टपटप गळायला लागला.

मग जज्जसाहेब उठले, टेबलाला वळसा घालून आले, त्याच्यासमोर उकिडवे बसले आणि खालून त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"व्हर्लिन, कसं वाटतंय?"

"बरंय, साहेब," व्हर्लिन दात आवळून म्हणाला. "तक्रार नाही. तुमचे बूट छान आहेत."

जज्जसाहेब गुडघ्यांवर हात टेकून उठले. मग लेनोराला हळूच म्हणाले, "वकीलबाई, मला आणखी काही विचारायचं नाही. त्यांना धरा."

आम्ही दोघींनी त्याला तसाच दुमडलेला बाहेर आणला. झेल्मा धावत आली. मला आता काहीच झाकायचं बळ नव्हतं. भिंतीला टेकून मी सगळं सांगून टाकलं, कोट, टोपी, खुर्चीचं खोटं काम.

"संपलं?" झेल्मा म्हणाली. "अगं बाई, कोट आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. धडधाकट होता तेव्हा तरी व्हर्लिननं न्याहारीआधी कुऱ्हाडीला हात लावला होता का? तू झाकतेस, तर म्हटलं आपणही झाकू."

"आणि गाय?"

"गाय माझीच होती. तिची काही हरकत नव्हती."

मग वाट बघणं सुरू झालं. व्हर्लिन खाटेवर, मी खिडकीशी, पुलाशी, पुन्हा खिडकीशी. शेवटी एका दुपारी लेनोरा स्वतःच गाडी घेऊन आली, दारातूनच ओरडली, "मंजूर!" व्हर्लिननं डोळ्यांवर हात ठेवला. तो पुन्हा कधी खाणीत उतरला नाही.

शनिवारी अख्खं खोरं कुऱ्हाडी घेऊन आमच्या अंगणात. व्हर्लिनला ओसरीवर खुर्चीत बसवलं, हातात कॉफी दिली. मीही बसले त्याच्याशेजारी, राणीसारखी. ठक ठक ठक, दिवसभर लाकडं फुटत होती. मला भरून आलं.

"झेल्मा, एवढी लाकडं कुठून आणलीत गं?"

"आणली कुठून? तुझीच आहेत. दोन हिवाळे तू फोडलेली. एकही चुलीच्या तोंडात शिरेल असं नाही, म्हणून पुन्हा फोडतोय."

व्हर्लिन हसायला लागला. इतका हसला की कॉफी सांडली, खुर्चीचे हात घट्ट धरले आणि सगळ्या खोऱ्यासमोर मोठ्यानं ओरडला, "आई गं! पाठ गेली माझी!"

सरकारनं पेन्शन दिली ती खाणीतल्या दगडापायी. त्या दिवशी मात्र पाठ धरली ती माझ्या लाकडांपायी.